मी बंद न केलेला प्रश्न

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, त्याची आधीच माफी मागतो. आठवीनंतर मी शाळा सोडली आणि मला जे शब्द येतात ते बहुतेक गच्चीवरच्या, लिफ्टच्या मशीनघरातले आहेत. जड शब्द लावून लिहायला गेलो तर ते दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं दिसेल, म्हणून जसं घडलं तसंच साधं लिहितो. माझं नाव याकूब. चिर्चिक शहरात कारखान्याच्या मागे ज्या नऊमजली इमारती आहेत, त्यांतल्या चौदा लिफ्टांची देखभाल माझ्याकडे आहे.

हे काम मला कोणी समोर बसवून शिकवलं नाही. आमचे मुकादम होशिम अका, म्हणजे होशिमदादा, यांनी पहिल्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवला आणि म्हणाले, "वर जा. जे फिरतं त्याला हात लावू नकोस. ज्यात वीज आहे त्याला तर मुळीच नको." मग हात लावायला उरलं काय, हे मी विचारलं नाही. माणसांना काही विचारायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. 'शाफ्ट', म्हणजे लिफ्ट जिच्यात फिरते ती विहीर, या नावाचा ग्रुप फोनवर सापडला नसता तर मी महिनाभरात पळून गेलो असतो.

शाफ्टवर चारेक हजार लिफ्टवाले आहेत. कारागांडाचे, ओशचे, खुजंदचे, तेर्मेझचे, पाव्लोदारचे, आणि नकाशात मला बोटाने दाखवता येणार नाहीत अशा गावांचे. तिथे विचारताना आपला चेहरा कोणाला दिसत नाही. पद्धत ठरलेली आहे. आधी कंट्रोलच्या डब्याचा फोटो टाकायचा, मग फोन मशीनच्या बैठकीवर ठेवून तीस सेकंद आवाज रेकॉर्ड करायचा आणि तो टाकायचा. बाकी कितीही लिहिलं तरी कोणी वाचत नाही. "तुझं मत नको, मशीनला बोलू दे," असं काइरात आगा म्हणतात. ते कारागांडाचे, तिकडे अकाला आगा म्हणतात; ग्रुप तेच चालवतात, आणि त्यांनी चाळीस वर्षं लिफ्टच्या शाफ्टमध्ये काढलेली आहेत. ब्रेकची फट कशी लावायची हे त्यांनी मला व्हिडिओवर सलग दोन तास शिकवलं होतं, मधे एकदाही न वैतागता. माझ्या वडिलांनी मला सलग दोन तास काही सांगितल्याचं आठवत नाही.

सगळ्यांत मोठा नियम शेवटचा. ज्याने प्रश्न विचारला त्यानेच परत येऊन शेवटी काय निघालं ते लिहायचं आणि प्रश्न बंद करायचा. दहा दिवसांत बंद केला नाही तर नाव काढून टाकतात. नियम कडक आहे पण बरोबर आहे, कारण त्या बंद केलेल्या प्रश्नांतूनच पुढचा माणूस शिकतो. मी तसाच शिकलो.

या नियमातून आमच्या लोकांची एक चूकही जन्माला येते, आणि ती मीही केली आहे. एकदा माझ्याकडची लिफ्ट दोन दिवस अडून आपोआपच चालू झाली. कारण कळलं नाही. पण इतक्या उस्ता, म्हणजे जाणत्या कारागीर, लोकांनी वेळ घालवलेला, त्यांना 'कळलं नाही' कसं लिहायचं, म्हणून लाजेखातर लिहिलं: दाराच्या कुलपाची स्प्रिंग बदलली, चालू झाली. सहा महिन्यांनी तेर्मेझच्या एका मेकॅनिकने ते वाचून दिवसभर स्प्रिंगा बदलल्या. दोष वायरीत होता, आणि तेवढ्यात त्याच्याकडे एक गरोदर बाई चार तास अडकून पडली. त्याने मला शिवी दिली नाही. फक्त विचारलं, "भाऊ, तू खरंच स्प्रिंग बदलली होतीस का?" त्या दिवसापासून मी ठरवलं की खोटं लिहून प्रश्न बंद करायचा नाही, मग काही होवो.

मार्चमध्ये अकरा नंबरच्या इमारतीत ठोका सुरू झाला.

त्या इमारतीत नवव्या मजल्यावर मुकद्दस ओपा, म्हणजे मुकद्दसताई, राहतात. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी साडेसातला त्यांना डायलिसिसला न्यायला गाडी येते. त्यांचे पाय आता जिना उतरण्याचे राहिलेले नाहीत. त्यामुळे माझ्या चौदा लिफ्टांपैकी तेरा बंद पडल्या तर लोक मला शिव्या देतात, पण ही बंद पडली तर एक माणूस मरू शकतं. हे मला किल्ल्या मिळाल्या त्याच आठवड्यात कळलं होतं.

ठोका असा होता: टक टक. मग एक श्वास घेण्याइतकी शांतता. मग एक टक. केबिन सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मधे असताना पहिल्यांदा ऐकला, मग कुठेही ऐकू येऊ लागला. मी केबिनच्या छतावर बसून वर-खाली दहा वेळा गेलो. दोर बोटांनी तपासले, एकही तार तुटलेली नव्हती. रुळांचे सांधे पाहिले, तोलवजनाचे बोल्ट आवळले, ब्रेक खोलून परत लावला. सांध्यावरचा ठोका ठरलेल्या जागी यायला हवा, दोरातला ठोका वेगाबरोबर बदलायला हवा. हा कशानेच बदलत नव्हता. कोणीतरी ठरवून ठोकावं तसा तो आपल्या तालात होता.

शनिवारी मी फोटो काढला, तीस सेकंद आवाज रेकॉर्ड केला आणि शाफ्टवर टाकला. रेकॉर्डमध्ये ठोका चार वेळा स्पष्ट होता.

मिनिटाच्या आत उत्तर आलं. "ठीक आहे."

मग दुसरं. "ठीक आहे." संध्याकाळपर्यंत बासष्ट उत्तरं आली आणि बासष्टही तीच. मला तिथेच पहिल्यांदा कसंतरी झालं. कारण हेच लोक कंट्रोलच्या डब्यातल्या एका रिलेवरून, म्हणजे एवढ्याशा स्विचवरून, तीन-तीन दिवस भांडतात. ब्रेकच्या फटीवरून ओशचा एक आणि पाव्लोदारचा एक एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचलेले मी स्वतः वाचले आहेत. वंगण कुठलं लावावं यावर शाफ्टवर आजवर एकमत झालेलं नाही. माझ्या तीस सेकंदांवर मात्र एकानेही वाद घातला नाही, चेष्टा केली नाही, 'पुन्हा रेकॉर्ड कर' म्हटलं नाही.

सोमवारी होशिम अकांना वर घेऊन गेलो. ते जिन्याने कधी वर येत नाहीत, पण त्या दिवशी मीच लिफ्ट धरून ठेवली होती म्हणून धापा टाकत आले आणि मशीनघराच्या दारात उभे राहिले.

"आत्ता. ऐकलंत?" मी म्हणालो.

"काय?"

"हे बघा, परत."

"याकूब, तुझं लग्न लावून द्यायला हवं. एकट्या माणसाशी भिंती बोलायला लागतात."

"अका, ठोका आहे."

"चार हजार उस्ता म्हणतात ठीक आहे, आणि तू आठवी नापास."

"नापास नाही. सोडली."

"तेच ते. मास्तरांचे कष्ट वाचले एवढंच." ते हसले. पण ठोका पडला त्या क्षणी त्यांची पापणी लवली होती, दोनदा आणि मग एकदा, हे मी पाहिलं. त्यांना विचारायचं धाडस झालं नाही.

मग मी जुने प्रश्न उकरायला घेतले. दुपारी जेवणाच्या सुटीत, पाण्याच्या टाकीमागे बसून, एकेक वर्ष मागे. दोन वर्षांपूर्वीचा एक प्रश्न सापडला, खुजंदच्या सैफुल्लो नावाच्या माणसाचा. कानाला लावला तर माझाच ठोका. तोच ताल, मधला श्वाससुद्धा तेवढाच. खाली 'ठीक आहे' ची रांग. नवव्या दिवशी सैफुल्लोने लिहिलं होतं, "संपर्क साफ केले. आवाज गेला. उस्तादांचे आभार." आणि प्रश्न बंद. संपर्क म्हणजे रिलेमधली वीज जोडणारी टोकं, ती घासून साफ करतात.

ओशचा एक सापडला, पाव्लोदारचा एक, तेर्मेझचाही एक. सगळ्यांनी नवव्या किंवा दहाव्या दिवशी हीच तीन वाक्यं लिहून प्रश्न बंद केलेला. मग मी त्या माणसांची नावं घेऊन शोधलं. प्रश्न बंद केल्यानंतर त्यांच्यापैकी एकानेही पुन्हा कधी काही विचारलं नव्हतं. आधी आठवड्याला दोन-दोन प्रश्न टाकणारी माणसं. आता ती फक्त उत्तरं देत होती, फार लवकर, आणि माझ्या प्रश्नाखालच्या बासष्टांत ती सगळी होती.

सैफुल्लोला मी वेगळा निरोप पाठवला. "अका, तुमचा तो आवाज खरंच गेला का?" लगेच उत्तर आलं. "ठीक आहे."

मी कोणाला फोन करत नाही. पण त्या दिवशी सैफुल्लोला केला. त्याच्या भावाने उचलला.

"सैफुल्लो वर आहे, मशीनघरात. फोन घरीच ठेवून जातो. कोण बोलतंय?"

मी सांगितलं चिर्चिकहून, लिफ्टवाला, एका आवाजाबद्दल विचारायचं होतं.

"अच्छा, आवाज." भाऊ म्हणाला. "त्याचं खूळ होतं एके काळी. मलासुद्धा वर ओढून न्यायचा, ऐक म्हणायचा. आता सुधारला. कसली तक्रार नाही. आमची आई गेली ना शरदात, तेव्हा डॉक्टरने सांगितलं तर म्हणाला, ठीक आहे. दफन करून आलो, तर म्हणाला, ठीक आहे. लोक म्हणतात केवढा सबुरीचा माणूस."

"फोन घरीच असतो म्हणालात," मी विचारलं. "आत्ता त्याने मला निरोप पाठवला."

"आत्ता कुठला? फोन तर सकाळपासून माझ्यासमोर चार्जिंगला आहे."

मी आभार मानून फोन ठेवला. खिशात घालायला गेलो तर तो निसटून खाली पडला आणि काच तडकली.

त्यानंतर मी शाफ्टवरचं दिसेल ते रेकॉर्डिंग ऐकू लागलो. दाराची कुरकुर, मोटरचा घरघराट, ज्यांचे दोष अगदी वेगळे होते असे आवाज. ज्यांनी टाकले त्यांना कल्पना नव्हती, पण तळाशी, कापडाखाली दाबल्यासारखा, तो होताच. टक टक. टक.

पुढच्या सोमवारी माझ्या प्रश्नाचा नववा दिवस होता. दुपारी काइरात आगांचा निरोप आला, फक्त मला.

"याकूबजान, उद्या दुपारी बारापर्यंत. तुझं नाव काढताना मला वाईट वाटेल."

मी लिहिलं, "आगा, कारण सापडलं नाही."

"संपर्क साफ केलेस ना?"

"केले. त्याने काही झालं नाही."

"मग लिही, संपर्क साफ केले. खोटं कुठे आहे त्यात?"

मी ते पुन्हा वाचलं. खोटं नव्हतंच. पहिलं वाक्य तर अगदी खरं होतं. मी लिहिलं, "आगा, तुम्हाला ऐकू येतो का?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "तू चांगला मेकॅनिक होशील. सगळ्यांना सुरुवातीला जड जातं. बंद कर, मग सोपं होतं."

शाफ्ट गेलं तर माझ्याकडे काय राहतं याचा मी हिशोबच करू शकत नव्हतो. उद्या एखादी वायर जळली, एखादा रिले अडकला, तर कोणाला विचारणार? होशिम अकांना? चौदा लिफ्टांमध्ये रोज पाचशे माणसं चढतात-उतरतात आणि मला जे येतं ते सगळं तिथून आलेलं. मी सोमसा, आमच्याकडचा भट्टीत भाजलेला समोसा, खात होतो, तो एका हाताने खाली ठेवला, आणि फोनकडे पाहिलं तर लिहायच्या जागेत तीन वाक्यं तयार होती. संपर्क साफ केले. आवाज गेला. उस्तादांचे आभार. माझ्या अंगठ्याला सोमशाचं तेल होतं आणि तडकलेल्या काचेवर त्या तेलाचे ठसे एकेका अक्षरावर उमटलेले होते. मी ते लिहिलेलं मला आठवत नव्हतं. अंगठा पाठवायच्या बाणावर होता.

मी एकेक अक्षर पुसलं. मग नवव्या मजल्यावर गेलो.

मुकद्दस ओपांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "तुझं तोंड असं का झालंय? मुलगी बघायला गेला होतास का?"

मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी चहा ओतला. सव्वीस वर्षं त्यांनी कारखान्यात क्रेन चालवली आहे, जमिनीपासून बारा मीटरवर, लोखंडाच्या खोलीत एकट्या. मी विचारलं, "ओपा, लिफ्टमध्ये तुम्हाला काही ऐकू येतं का?"

"येतं की. दोन आणि एक. मला वाटलं, तूच वर बसून ठोकतोस, मी आले की सलाम म्हणून."

मला रडू येईल असं वाटलं. पण लगेच मनात आलं, ही बाई दयाळू आहे, मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. मग आठवलं की दोन आणि एक हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"कशाचा आहे ते मला कळत नाही," मी म्हणालो. "सगळे म्हणतात ठीक आहे."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे."

"आमच्याकडेही सगळे होते," त्या म्हणाल्या. "क्रेनचा एक नियम होता. दोराची शंका आली की भार हवेत ठेवायचा नाही. आधी खाली ठेवायचा, मग वाद घालायचा."

"लिफ्ट थांबवली तर उद्या तुम्ही उतरणार कशा?"

"तू उतरवशील."

"आणि परत चढणार कशा?"

"आधी उतरू तर दे. चढायचं दुपारी बघू. तुझ्या वयाची माणसं फार पुढचं बोलतात आणि चहा थंड करतात."

मी त्यांच्या टेबलावर बसूनच शाफ्टवर लिहिलं. "आवाज अजून येतो. कारण मला माहीत नाही. संपर्क साफ करून फरक पडला नाही, कोणी तसं लिहिलं असेल तर ते खरं नाही. मी हा प्रश्न बंद करणार नाही." एवढं मोठं मी तिथे कधीच लिहिलं नव्हतं. पाठवलं, आणि पहिल्यांदाच खाली एकही उत्तर आलं नाही.

शाफ्ट होशिम अकाही वाचतात, त्यांचा फोन मात्र आला. "काय लिहिलंस ते? शहाणपणा करू नकोस. लिफ्ट बंद दिसली तर किल्ल्या परत आणून दे."

"बरं," मी म्हणालो.

"बरं म्हणजे काय?"

"म्हणजे आणून देईन. आधी ती बंद करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी पुठ्ठ्यावर 'लिफ्ट बंद' लिहून नऊही मजल्यांवर लावलं. केबिन तळाला उतरवली. वर जाऊन मेन स्विच खाली ओढला, त्याला कुलूप घातलं. मग मुकद्दस ओपांना पाठीवर घेतलं. त्यांचं वजन एका दोराच्या वेटोळ्याएवढंही नव्हतं. पाचव्या मजल्यावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "लग्नात नवऱ्याने मला उंबऱ्यावरूनसुद्धा उचललं नव्हतं, आणि तू बघ." तिसऱ्या मजल्यावरचा एकजण दार उघडून म्हणाला, लिफ्ट तर छान चालत होती, उगाच कशाला त्रास देतोस लोकांना. ओपा म्हणाल्या, "मग तू उचल." त्याने दार लावून घेतलं. साडेसातला मी त्यांना गाडीत बसवलं, आणि पुन्हा वर चढलो.

मशीनघरात शांत होतं. मशीन थंड, दिवे विझलेले, खिडकीतून ऊन थेट मोठ्या चाकावर पडलेलं. मी फोन बैठकीवर ठेवला आणि उभा राहिलो.

टक टक. श्वास. टक.

वीज नव्हती, काही हलत नव्हतं, आणि तो येत होता, जसा रोज येतो तसा. मी घाबरलो नाही असं लिहिणार नाही. पण दहा दिवस मी त्याला फक्त ऐकत होतो, आणि आता माझ्याकडे गमावायला जे होतं ते कालच पाठवून झालं होतं. मी बत्तीस नंबरचा पाना दोन्ही हातांत घेतला आणि लोखंडी बैठकीच्या कडेवर ठोकलं. त्याच्या तालात नाही. सरळ तीन, जोरात, मधे श्वास न सोडता.

तो थांबला.

मग फोन थरथरू लागला. शाफ्टवर नवा प्रश्न होता, खुजंदच्या सैफुल्लोचा, दोन वर्षांतला पहिला. "सलाम. माझ्याकडे एक आवाज येतोय. कोणी ऐकलाय का?" त्याखाली ओशचा. मग पाव्लोदारचा, तेर्मेझचा, मग ओळखीचे, अनोळखी, एकावर एक, आणि त्यांच्यात काइरात आगांचाही, ज्यांनी आयुष्यात कधी कोणाला काही विचारलं नव्हतं. प्रत्येकासोबत तीस सेकंद जोडलेली. मी वाकून कोपराने सैफुल्लोचा आवाज लावला. तीन ठोके. सरळ, जोरात, मधे श्वास नसलेले.

प्रश्न येतच होते. एकाचंही उत्तर अजून कोणी दिलं नव्हतं. आणि सगळ्यांच्या खाली, जिथे लिहीत असलेल्या दुसऱ्याचं नाव दिसतं, स्वतःचं कधीच दिसत नाही, तिथे बारीक अक्षरांत आलं: याकूब लिहीत आहे.

फोन बैठकीवर होता. माझे दोन्ही हात पान्यावर होते.

मी पाना पुन्हा उचलला.